आडवं माप

शेगडीच्या स्टँडचं माप शेवटी बरोबर निघालं. चारचौघांसमोर, सुतळी लावून तसं सिद्ध झालं. फक्त टाळ्या वाजवाव्यात अशी ती वेळ नव्हती. पण तसं काही झालेलंच नाही, असं धरून चालू. आत्ता भाऊसो मोहिते अंगणात आपल्या लाकडी पेटीवर गुडघा रोवून बसला होता आणि जंबुरानं तिच्या झाकणाचे खिळे उपटत होता. प्रत्येक खिळा निघताना किंचाळत होता. आत स्वयंपाकघरात जमिनीवर शेगडीपुढं बसलेली त्याची बायको अंबूबाई मीठ घ्यायला उठली, की अगदी तशीच किंचाळत होती. अंगणातून ऐकणाऱ्याला कोणतं काय ते कळलं नसतं.

"खिळा हुता का आत्या हुत्या?" सून दीपमालानं दारातून विचारलं.

"खिळा," भाऊसो म्हणाला. "तिचा आवाज जरा गंजल्याला हाय."

गावात सैन्यातून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. भाऊसो हवालदार होऊन परतला होता, पण 'मेजर' या हाकेला तो पहिल्याच दिवशी एस.टी.तून उतरता उतरता ओ देऊन बसला होता. येताना सगळी नोकरी तीन लाकडी पेट्यांत भरून आणलेली. पेट्यांवर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा, नंबर, आणि वरची बाजू कोणती ते दाखवणारा बाण. इतकी वर्षं त्यांत गोधड्या आणि उंदीर राहत होते. आता त्यांचा स्टँड होणार होता.

कारण कराडच्या डॉक्टरनं अंबूबाईच्या गुडघ्यांचा फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं, "आजी, खाली बसणं बंद. स्वयंपाक उभ्यानंच करायचा."

"मामा, मिस्त्री बोलवूया की," दीपमाला म्हणाली होती. "कडप्पा टाकून ओटा करून जाईल. सगळ्यांच्यात हाय."

"सिमेंटाचा ओटा एकदा चुकला की चुकला," भाऊसो म्हणाला होता. "लाकडाचं तसं नसतंय. उंच झालं तर पाय कापायचं, की झालं काम."

हे वाक्य त्यानं स्वतः उच्चारलं होतं. साक्षीला सून होती. पुढं उपयोग झाला नाही, ते सोडा.

*

माप घ्यायच्या वेळी अंबूबाई बाजेवर डोळा लागून पडली होती. भाऊसोनं तिला उठवलं नाही. सुतळीचं एक टोक तिच्या टाचेशी धरलं आणि दुसरं गुंडाच्या हातात दिलं. गुंडा शेजारी. फळी धरायला, खिळा शोधायला, आणि मुख्य म्हणजे मत द्यायला रोज येत असे. गल्लीत कुणी गेलं की तिरडी बांधायचं काम त्याच्याकडं असे, आणि त्यात आपला हात धरणारं कडेगाव तालुक्यात कुणी नाही असं त्याचं म्हणणं होतं. त्यानं सुतळी सवयीनं डोक्यापर्यंत नेली. सवयीनं डोक्यापाशी अंगठा दाबून गाठ मारायला घेतली.

अंबूबाईनं डोळे उघडले. डोक्याशी गुंडा, पायाशी नवरा, अंगावरून सुतळी.

"आगं बया! आवं, काय चाललंय?"

"माप घेतुय. हलू नगंस."

"जित्या माणसाचं आडवं माप?" तिनं पाय पोटाशी घेतले. "गुंडा भावजी, तुमी तरी सांगा ह्येंना. आडवं माप कुणाचं घेत्यात?"

"मी घेतो त्येंचं," गुंडा म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते लक्षात येऊन त्यानं सुतळी खाली टाकली.

"मग उभी ऱ्हा," भाऊसो म्हणाला.

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. उभी राहिली म्हणजे काय, तर गुडघे जरा पुढं, पाठ जरा मागं, मान परत पुढं. घडीची खाट अर्धवट उघडून भिंतीला लावून ठेवावी तशी.

"सरळ हो."

"ह्येच सरळ."

"आणि सरळ हो."

"आता ह्येच्याम्होरं सरळ म्हंजी मग आडवंच."

गुंडा खो खो हसला. भाऊसो हसला नाही. त्यानं सुतळी बोटांवर गुंडाळून खिशात टाकली.

"ऱ्हाऊ दे. मला म्हाईत हाय." त्यानं उजव्या हातानं आपल्या डाव्या खांद्यावर, शर्टाच्या शिवणीवर, टपकन मारलं. "हितं लागतीस तू."

"ते लग्नात!"

"मग? माणसाची उंची काय बदलती व्हय? माझी भरतीच्या वक्ताला लिवल्याली उंची पेन्शनीच्या कागदावर बी तीच हाय."

अंबूबाईनं पदर तोंडाला लावला आणि हसत हसत आत गेली, भिंत धरत. भाऊसोचा हात खांद्यावरच होता. लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हा तिचा माथा बरोबर तिथं आला होता, आणि मुंडावळ्यांचा एक मणी त्याच्या बटणात अडकला होता. आठवड्यानं तो युनिटला परत गेला. त्यानंतर वर्षाला दोन महिने रजा. त्या रजेत तो असायचा रानात, नाहीतर झोपलेला. आणि ती असायची चुलीपुढं बसलेली, नाहीतर उसात वाकलेली. उभी अशी त्यानं तिला नीट पाहिली ती एकदाच. रजेचा अर्ज लिहिताना मात्र दरवेळी मनात तिला उभी करून पाहायचा. 'सविनय विनंती अशी की' इतकं लिहिलं की ती समोर यायची, खांद्याएवढी.

*

स्टँड झाला मात्र देखणा. हे कबूल करायला हवं, नाहीतर पुढचं सगळं सोपं होईल. पिठाच्या डब्याला कप्पा, परातीला कमान, तवा उभा ठेवायला खाच, सिलिंडरला जाळीचं दार, कांदा-बटाट्याला खालनं वारं लागेल असा पट्ट्यांचा खण. गुण्या लावून प्रत्येक कोपरा काटकोनात. पॉलिश पेपर मारून मारून भाऊसोच्या बोटांचे ठसे गेले आणि पेन्शनचा अंगठा दोन वेळा लागेना.

फक्त नाव त्यानं घासलं नाही. फळ्या कापल्यावर 'हवालदार' दोन खणांत वाटला गेला. एका खणावर 'हवा' आणि दुसऱ्यावर 'लदार'. 'हवा'मध्ये काहीच ठेवलं नव्हतं. 'लदार'मध्ये मसाल्याचे डबे. वरची बाजू दाखवणारा बाण उजव्या पायावर आला होता आणि खाली दाखवत होता.

उद्घाटन ठरलं. स्टँड अंगणाच्या मधोमध मांडला, लाल फीत बांधली. गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. सरपंच आले नाहीत. त्यांचा शुभेच्छांचा फ्लेक्स आला, तो स्टँडपेक्षा मोठा होता. नारळ गुंडानं फोडला. फीत अंबूबाईनं खुरप्यानं कापली, कारण कात्री सापडेना. मग भाऊसोनं शेगडी वर मांडली, पातेलं चढवलं आणि दोन पावलं मागं सरून म्हणाला, "चल. घे चार्ज."

अंबूबाई स्टँडपुढं उभी राहिली.

फळी तिच्या छातीशी आली. फळीवर शेगडी, शेगडीवर पातेलं. पातेल्याचा काठ थेट नाकासमोर. स्टँडच्या पलीकडं बसलेल्या बायकांना तिचं कुंकू आणि त्यावरचे केस एवढंच दिसत होतं. तिनं पळी वर धरली आणि काठावरून आत सोडली, विहिरीत पोहरा सोडावा तशी.

"बया, अंबूबाई गेल्या कुठं?" मागच्या ओळीतून कुणीतरी विचारलं. बायका हसल्या. पातेल्यामागून अंबूबाईही हसली. घरचं कार्य होतं, यजमानाला हसावं लागतं.

गुंडानं खोबऱ्याचा तुकडा चघळत स्टँडच्या पायांकडं पाहिलं. "मेजर, पाय वाईच कापाय लागत्याल."

"कशापायी?"

"वैनी बुटक्या पडल्या."

"मग पाय स्टँडचं का कापायचं?" भाऊसोनं खिशातून टेप काढली, फळी ते जमीन पुन्हा एकदा मापली, आणि आकडा गुंडाला दाखवला. "हे बघ. माप बरोबर हाय का न्हाई?"

"बरोबर हाय की."

"मग स्टँड चुकलेला न्हाई."

"मग कोण चुकलं म्हणायचं?"

भाऊसोनं बायकोकडं पाहिलं. पहिल्यांदा पाहावं तसं, वरून खालपर्यंत.

"ती चुकलीया," तो म्हणाला.

यावर फार मोठ्यानं हसलं गेलं. फ्लेक्सच्या दोऱ्या सोडणारा माणूससुद्धा थांबून हसला.

*

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्ती सुरू झाली. स्टँडची नव्हे.

रोज सकाळी चहाआधी अंबूबाईनं चौकटीला पाठ लावून उभं राहायचं. टाचा भिंतीला, हनुवटी आत, नजर समोर. "सावधान!" म्हटलं की गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ थांबवायची. भाऊसो तिच्या डोक्यावर गुण्या ठेवून चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारायचा. रेघा वर जायला हव्या होत्या. त्या खाली येत गेल्या. तेव्हा भाऊसोनं शेजारच्या गवंड्याकडून भिंतीची लेव्हल बघायची पातळी आणली आणि चौकटच तपासली.

"भिंत उचललीया," त्यानं जाहीर केलं. "तळाला पाणी लागलं आसंल."

"भिंत वाढती आणि मी न्हाई," अंबूबाई म्हणाली. "तिलाच बायकू करा."

तिनं रंगाची रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहून पाहिलं. ती बादली परसात नेऊन भाऊसोनं तिच्यात मिरचीचं रोप लावून टाकलं. तिनं शेगडी खाली उतरवून घेतली. जमिनीवर भाकरीचं पीठ सांडलेलं त्याला दिसलं, आणि संध्याकाळपर्यंत शेगडी स्क्रूनं फळीला बसली. दीपमाला म्हणाली, "मामा, मी करते की सैपाक, मला बरोबर येतंय." खरंच येत होतं, स्टँड तिच्यासाठीच केल्यासारखा होता. भाऊसोनं तिला हातानं बाजूला केलं.

"ज्येच्या मापाचं काम त्येनंच करायचं."

मग अंबूबाई कानानं स्वयंपाक करायला शिकली. आमटी उकळली की तिचा आवाज जाड व्हायचा. भात शिजत आला की गप्प व्हायचा. मीठ किती पडलं ते कळायला मात्र कान उपयोगी नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला, पातेल्याचा काठ लागून, एकावर एक चट्टे उठले. भाऊसो ताटावर बसून पहिला घास घ्यायचा, थांबायचा, पाणी प्यायचा, आणि सगळं संपवायचा.

"कशी झालीया?" ती विचारायची.

"माप बरोबर आसलं की सैपाक बी बरोबर व्हतोय," तो म्हणायचा, आणि आणखी एक तांब्या मागायचा.

एकदा तो मिलिटरी कँटीनचं सामान आणायला कराडला गेला. एस.टी. वळणावर दिसेनाशी झाली तशी दीपमालानं परसातून करवत आणली. अंबूबाई तोवर स्क्रू काढून शेगडी खाली घेऊन बसलीही होती. स्क्रूचं काम तिला त्याच्यापेक्षा लवकर जमायला लागलं होतं. पाय पसरून, परातीत भाकरी थापत, ती सुनेकडं पाहत होती.

"आत्या, चारी पाय वाईच वाईच कापते. खालनं कोण बघतंय? मामांना कळायचं बी न्हाई."

"ठिव ती करवत."

"आवं पण हात बघा तुमचं."

"ठिव म्हणती न्हवं." अंबूबाईनं भाकरी तव्यात टाकली आणि वरून पाणी फिरवलं. "त्येला वाटतंय मी खांद्याला लागती. समद्या नोकरीत माझी तेवढीच आठवण घिऊन हिंडलंय ते. पाय कापलं, की त्येला कळंल, मी कवा वाकली ते त्येनं बघितलंच न्हाई. मग काय करंल ते? ह्या वयात?"

दीपमाला करवत धरून उभी होती.

"आणि एक," अंबूबाई म्हणाली. भाकरी फुगली, तिनं बोटानं दाबली. "मीठ मला दिसत न्हाई असं न्हाई काय. डब्यातनं मोजूनच घेती मी. दोन मुठी टाकती."

"जाणूनबुजून?"

"खातंय की गप."

त्या संध्याकाळी दीपमालानं नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. यशराज वडिलांच्याच वाटेनं सैन्यात गेलेला, जम्मूकडं कुठंतरी होता. त्याच्यामागं हिरवं ताडपत्रीचं कापड हलत होतं.

"माझी उंची किती, सांगा बरं," ती म्हणाली.

"आता ही काय भरती काढलीस?"

"सांगा की."

तो विचारात पडला. तिनं फोन जरा लांब धरला, म्हणजे जास्त दिसेल.

"आसशील की. दारायेवढी," तो म्हणाला आणि चित्र गोठलं. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन स्टँडवर, 'हवा'च्या खणावर, उलटा ठेवला.

*

बेंदराच्या दिवशी अंबूबाईनं पुरण घातलं. बैलांची शिंगं रंगवून झाली, त्यांना पोळी भरवून झाली, भाऊसोनं तीन पोळ्या खाल्ल्या. पुरणात मीठ घालता येत नाही, म्हणून त्या दिवशी जेवण उत्तम झालं होतं.

"वाईच पडती," अंबूबाई म्हणाली. कुशीवर, पाय पोटाशी घेऊन, बाजेवर पडली. चहाच्या वेळी दीपमाला उठवायला गेली, तेव्हा अंबूबाई तशीच होती, गार झालेली.

बायका जमल्या. अंग ताठायच्या आत सरळ करायला हवं असतं, नाहीतर पुढं सगळ्यांचेच हाल होतात, म्हणून दोघी-तिघींनी खांदे धरले, दोघींनी पाय. कुणी पाठीखाली हात घालून दाबलं. इतकी वर्षं ज्या गुडघ्यांना कुणी सरळ करू शकलं नव्हतं, ते धरून ओढले. "हळू, आत्यांचा गुडघा," दीपमाला म्हणाली, आणि मग तिला काय ते आठवून तिनं तोंड फिरवलं. पाठ कुठंतरी बारीक वाजली. अंबूबाई लांब झाली.

भाऊसो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. कुणी बस म्हणालं तर बसत नव्हता.

गुंडा बांबू घेऊन आला. रडत होता, पण हात आपले चालू होते. तिरडीचे बांबू कापायला माप हवं, म्हणून त्यानं खिशातून सुतळी काढली, वाकला, टाचेपासून माथ्यापर्यंत नेली आणि अंगठ्यानं दाबून गाठ मारली. या वेळी कुणी पाय पोटाशी घेतले नाहीत. गुंडानं गाठ पाहिली, अंबूबाईकडं पाहिलं, पुन्हा गाठ पाहिली.

"वैनी लांबल्या," तो हळूच म्हणाला.

"काय?" भाऊसो म्हणाला.

"काय न्हाई. माणूस मेल्यावं लांबतं, मेजर. अंग सैल सुटतंय. मी बघितलंय."

"आण हिकडं."

"मेजर, आता कशाला—"

"आण म्हणतुय न्हवं."

गुंडानं सुतळी दिली. भाऊसोनं एक टोक जमिनीवर टाकून त्यावर उजव्या पायाचा अंगठा ठेवला. दुसरं टोक वर घेतलं. गुडघ्यावरून, पोटावरून, छातीवरून, हळू, सुतळी कुठंही सैल पडणार नाही अशी. अंगणातलं रडणं एकेक करून थांबलं. रडण्यापेक्षा हे बघण्यासारखं होतं.

गाठ शर्टाच्या शिवणीवर आली. बरोबर शिवणीवर. वरही नाही, खालीही नाही.

भाऊसोनं ती तिथं बोटानं दाबून धरली आणि सगळ्यांकडं, एकेकाकडं पाहिलं. गवंड्याकडं. उद्घाटनाला मागच्या ओळीतून बोललेल्या बाईकडं. दीपमालाकडं.

"म्हणत हुतो का न्हाई?" तो म्हणाला.

गवंड्यानं टोपी काढून हातात घेतली.

"गुंडा, तू सांग. तू मापाचा माणूस हायस."

गुंडानं बाहीनं नाक पुसलं. जवळ येऊन गाठ पाहिली, खांदा पाहिला. खोटं बोलायची ती वेळ नव्हती, आणि खरं बोलायचीही नव्हती.

"बरोबर हाय, मेजर," तो म्हणाला.

"मग स्टँड चुकल्याला न्हाई."

"न्हाई."

"मग कोण चुकलं?"

आत शेगडीवर दीपमालानं ठेवलेला, कुणीच न प्यालेला चहा आटून पातेल्याला लागला होता. त्याचा करपट वास अंगणात आला. भाऊसोनं दारातून आत पाहिलं. स्टँड पुसून स्वच्छ होता. परात कमानीत, तवा खाचेत. उजव्या पायावरचा बाण खाली, जमिनीकडं दाखवत होता. शेगडी खाली उतरवून अंबूबाई पाय पसरून बसायची ती जागा मोकळी होती, आणि तिथं फरशीवर पिठाची एक पांढरी गोल खूण होती. खूप दिवसांची असावी, पुसून पुसून न गेलेली. भाऊसो त्या खुणेकडं बघत राहिला.

गुंडानं तिरडी बांधली. वेळ होत आली, उजेड आहे तोवर नदीवर पोचायला हवं, असं कुणी कुणाला म्हणालं. चौघे वाकले.

"थांबा," भाऊसो म्हणाला.

सुतळी अजून त्याच्या खांद्यावरच होती. त्यानं टाचा जुळवल्या, हात मांड्यांना लावले, हनुवटी आत घेतली. आवाज मोठा नव्हता, पण शब्द एकेक सुटा, अर्ज वाचून दाखवावा तसा आला.

"सविनय विनंती अशी की, सौभाग्यवती अंबूबाई भाऊसो मोहिते यांना फक्त पाच मिनिटांची रजा मंजूर करण्यात यावी. स्टँडपुढं एकदा उभं राहून माप तपासून झालं, की त्या ठरल्या वेळेत परत हजर होतील. रजा वाढवून मागितली जाणार नाही."